चौकटीतला हात

१

मी प्रवाळ मोजते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास माझ्या बोटांकडे बघतो. अंगठीतलं पोवळं त्याला माहीत असतं. खडकाला धरून बसलेलं, पाणी आलं की उघडणारं आणि पाणी गेलं की मिटणारं जिवंत प्रवाळ त्याने पाहिलेलं नसतं. त्यातून उरणला मोजते म्हटलं की तो हसतोच. मालवणला असतील, लक्षद्वीपला असतील, उरणच्या चिखलात कुठली आली प्रवाळं? मी मूळची सांगलीची. कॉलेजात जाईपर्यंत कृष्णेपलीकडे पाणी असतं हे मलाही ऐकूनच ठाऊक होतं, त्यामुळे अशा हसण्याचा मला राग येत नाही. पण प्रवाळं होती. थोडी, ठेंगणी, करड्या रंगाची, पण होती.

वाशीला आमचं किनारा संशोधन केंद्र होतं. नाव मोठं, खोल्या दोन. एका खोलीत टेबलं, दुसरीत खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या आणि त्यांत दिवसभर बुडबुडे सोडणारा पंप. साहेब नंदकिशोर, प्राणिशास्त्रवाली मी, आणि फोटोग्राफर दिनानाथ. दिनानाथ म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही, पण तोंडावर मात्र 'अहो'च म्हणत आले. आमचं लग्न त्या पंपाच्या आवाजातच जमलं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

उरणच्या किनाऱ्यापासून जरा आत एक सपाट खडक होता. ओहोटीला उघडा पडायचा. गावातले लोक त्याला पाटा म्हणत. त्या पाट्यावरच्या डबक्यांत आमची प्रवाळं होती, आणि त्याच रेषेत एका कंपनीची जेट्टी यायची होती. किनाऱ्यावरून मुरमाचा भराव टाकत टाकत एक रस्ता समुद्रात पुढे सरकत होता. पाट्यावरची प्रवाळं जिवंत आहेत, वाढताहेत, असं आम्ही दाखवू शकलो तर रस्ता थोडा वळवता येईल, असा शब्द साहेबांनी वरून आणला होता. म्हणून दर महिन्याला, अमावास्येनंतरच्या सकाळच्या ओहोटीला, पहिल्या एस.टी.ने उरण आणि तिथून हिरामणची होडी.

काम सोपं होतं. खडकात तांब्याचे खिळे ठोकलेले, त्यांवर लोखंडी चौकट बसवायची आणि वरून फोटो काढायचा. चौकटीत एक पट्टी ठेवायची, म्हणजे प्रवाळ किती मोठं ते फोटोत कळतं. पहिल्याच दिवशी, चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत, ती पट्टी माझ्या हातून सटकली आणि खडकाच्या फटीत गेली. पाणी परत फिरायला लागलं होतं.

दिनानाथने कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, शर्टाची बाही वर केली आणि डावा हात चौकटीच्या रिकाम्या कोपऱ्यात, पाण्याखाली पालथा पसरून ठेवला.

"काढ फोटो. घरी जाऊन हात मोजू."

"अहो, विज्ञानात असलं चालत नाही."

"का नाही चालत? या वयात माझा हात काय वाढणार आहे?"

मी फोटो काढला. नंदकिशोर साहेबांनी तो बघितला आणि हसून पास केला. पुढच्या कामाचा नियम त्यांनी आम्हाला पुन्हा एकदा बजावला. पहिला फोटो म्हणजे पाया. पहिल्या फोटोत चौकटीत जे जे आहे, ते प्रत्येक फोटोत त्याच जागी शोधायचं. सापडलं नाही तर मेलं असं धरायचं.

२

फेब्रुवारीतले फोटो दिनानाथने रविवारी दुपारी आमच्या न्हाणीघरात धुतले. खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीला माझी जुनी साडी, आणि आत लाल दिवा. अशा वेळी मी स्वयंपाकघरात असायचे आणि तो आतून जुनी नाट्यपदं म्हणायचा, बरीचशी चुकीची. त्या दिवशी पद मधेच थांबलं.

"अरुणा, जरा आत ये."

मी साडी सरकवून आत गेले. बादलीत नळ ठिबकत होता. बशीतल्या पाण्यात कागद तरंगत होता. त्यावर चौकट, प्रवाळं, आपल्या जागी ठेवलेली नवी पट्टी. आणि कोपऱ्यात हात.

"तू हात घातला होतास?"

"मी चौकट दाबून धरली होती. दोन्ही हातांनी. तुम्हीच ओरडलात ना, हलू नकोस म्हणून."

"आणि मी दोन्ही हातांनी कॅमेरा धरला होता."

दिनानाथने कागद उचलून दिव्याजवळ धरला. मग त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. फिल्म पुढे सरकली नसणार, म्हणाला. जुना कॅमेरा आहे, एकावर एक दोन चित्रं पडतात कधीकधी. मीही लगेच मान डोलावली. फिल्मचा रोळ जानेवारीतला नव्हता, नवा होता, हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. पण न्हाणीघरात त्या लाल उजेडात हे कोण बोलणार?

नंतर मी चहा आणला. स्टीलचा पेला भरून, नुकता उकळलेला. मी तो पदराने धरला होता. दिनानाथने तो डाव्या हाताने सरळ घेतला, मुठीत धरला आणि फोटोंबद्दल बोलत राहिला. मी "अहो, भाजेल" म्हणून ओरडले तेव्हा कुठे त्याने खाली बघितलं. हाताला काही झालं नव्हतं. लाल झाला नव्हता. उलट पांढरा दिसत होता, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखा.

३

डॉक्टर म्हणाले, रक्ताभिसरण. सिगरेट सोडा. दिनानाथने जन्मात सिगरेट ओढली नव्हती, म्हणून त्याला हे फार विनोदी वाटलं. आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आपली न ओढलेली सिगरेट सोडल्याचं सांगत होता. हात मात्र बोटांच्या टोकांकडून पांढरा होत मनगटाकडे चालला होता.

पांढरं पडणं म्हणजे काय हे मला कळतं. प्रवाळाला त्रास झाला, पाणी तापलं, गाळ बसला, की त्याचा रंग जातो. जीव असतो, पण रंग जातो. त्यानंतर थोडेच दिवस मिळतात. नवऱ्याच्या हाताकडे बघून आपल्याला टाकीतल्या नमुन्याची आठवण येते याची मला लाज वाटली, आणि तो विचार मी डोक्यातून काढून टाकला.

तो विचार परत आला केंद्रातच. पाट्यावरून आणलेले प्रवाळाचे दोन-तीन तुकडे आमच्या टाकीत होते. टाकीत ना भरती, ना ओहोटी, तरी असे जीव पहिले बरेच दिवस समुद्राची वेळ पाळतात. तिकडे पाणी चढलं की इकडे टाकीत उघडतात, तिकडे उतरलं की मिटतात. यात नवल काही नाही, पुस्तकात दिलेलं आहे. त्या दुपारी मी टाकीसमोर बसून ते उघडायची वाट बघत होते आणि दिनानाथ शेजारी स्टुलावर बसून डबा खात होता. त्याचा डावा हात टेबलावर होता, मूठ वळलेली. हल्ली ती अशीच वळलेली असायची. त्याच्या हे लक्षातही नसायचं.

टाकीतली तोंडं हळूहळू उघडली. टेबलावरची मूठही उघडली. करंगळीपासून सुरुवात झाली, मग एकेक बोट, आणि शेवटी हात सपाट पालथा पसरला. दिनानाथ उजव्या हाताने भाकरी मोडत साहेबांची नक्कल करत होता. त्याला पत्ता नव्हता.

मी स्वतःला समजावलं. भरती-ओहोटीच्या वेळा याला तोंडपाठ आहेत. मनात असलेलं शरीरात उतरतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बघितलं. तिसऱ्या दिवशी त्याला ताप होता, तो घरी झोपला होता, कुठलं घड्याळ समोर नव्हतं. मी रजा टाकून त्याच्या उशाशी बसले. भरतीच्या वेळेला मूठ उघडली. झोपेत.

मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. तो नळाच्या पाण्याइतका गार होता.

४

मार्चमध्ये मी एकटीच गेले. दिनानाथ मागे लागला होता, पण मी त्याला डॉक्टरांची शपथ घातली.

मुरमाचा रस्ता बराच पुढे आला होता. त्याच्या टोकाशी डंपर मागे मागे येत, पाठ उचलत आणि तांबडी माती धडधडत पाण्यात जायची. पाट्याभोवतीचं पाणी गढूळ झालं होतं.

"बाय, आज एकलीच? सायेब नाय आला?" हिरामणने होडी लोटत विचारलं.

"बरं नाही त्यांना."

"तुमी तो फत्तर वाचवाल नि रस्ता बंद झाला, तं माजे भावाचं काय? त्यो हाय डंपरवर. शेती गेली, मीठ गेलं, आता ह्यो डंपर तरी राहूं द्या." हे तो दर खेपेला म्हणायचा आणि दर खेपेला नेऊनही सोडायचा. पाट्यावर मात्र तो उतरत नसे. होडीतच विडी ओढत बसायचा.

मी चौकट बसवली. मग बघितलं.

कोपऱ्यात हात होता. फोटोत नव्हे, खडकावर. आपल्याला जे वाटतंय तेच बाकीच्यांना दिसेल का, असा विचार मी शास्त्रशुद्ध पद्धतीने केला. प्रवाळ हवा तो आकार घेतं. ढग घेतात तसाच. त्यात पाच फाटे निघाले तर मन त्याला हात म्हणणारच. मी जवळ वाकले. पृष्ठभाग रव्यासारखा कणीदार होता. फाट्यांच्या टोकांना कण नव्हते, तिथे गुळगुळीत होतं, अगदी नखाएवढ्या जागेत. आणि रंग. सगळ्या पाट्यावर एवढा एकच तुकडा गाळ बसूनही टवटवीत होता, गव्हाळ, खालून गुलाबी.

तो रंग माझ्या ओळखीचा होता. मी पाण्यात बोट घातलं आणि अंगठ्यावर दाबलं.

ते कोमट होतं. दाबल्यावर जरा आत गेलं. मग सगळी बोटं किंचित वळली, माझ्या बोटाला लागली आणि तशीच राहिली.

मी किंचाळले नाही. हिरामणला हाकही मारली नाही. चौकट काढली, पिशवीत भरली आणि होडीत बसले. उरणपासून वाशीपर्यंत एस.टी.त मी खिडकीबाहेर बघत पाठ केलेली प्राण्यांची लॅटिन नावं म्हणत होते, एवढं आठवतं.

दार दिनानाथनेच उघडलं. ताप उतरला होता. हसला.

"सकाळी पाट्यावर होतीस ना, तेव्हा माझा अंगठा दाबलास," तो म्हणाला. "बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत त्या हाताला काही कळलं नव्हतं."

५

त्यानंतर त्याला खोकला सुरू झाला. डॉक्टर म्हणाले छातीत कफ आहे. रुमालावर जे पडायचं ते कफासारखं नव्हतं. वाळलं की झटकता यायचं. तांबडं, बारीक, मुरमाचं. मी ते बोटांत चोळून बघितलं आणि मोरीत धुऊन टाकलं. किनाऱ्यावर डंपर चालायचे त्या वेळात खोकला वाढायचा. रविवारी, काम बंद असलं की दिनानाथ उठून बसायचा, चहा मागायचा.

भराव पाट्यावर आला की काय होणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी साहेबांकडे गेले.

नंदकिशोर साहेब वाईट माणूस नव्हते. मी बोलत असताना त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अरुणाबाई, मी तुम्हाला सांगणारच होतो. रस्त्याचं वळण नामंजूर झालं. वरून परवाच फोन आला. एवढ्याशा प्रवाळासाठी कोण रस्ता वाकवणार? पुढच्या आठवड्यात भराव पाट्यावर जाईल."

"साहेब, थांबवा. काहीही करा. मंत्र्यांना भेटा, पेपरात द्या."

"तुम्ही मनाला फार लावून घेता."

"साहेब, त्या चौकटीत दिनानाथ आहे."

त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "दिनानाथ बाहेर बसलाय. तुमच्याबरोबर आलाय ना तो?"

आला होता. दरवाजाच्या काचेतून दिसत होता. टाकीजवळच्या स्टुलावर, शाल पांघरून. चेहराही आता पांढरा पडत चालला होता. साहेबांनी मला महिनाभर रजा घ्यायला सांगितलं. मी ग्लास तसाच ठेवून उठले. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि तो काढायला जागा नव्हती.

एकच मार्ग उरला होता. तुकडा छिन्नीने सुटा करायचा आणि टाकीत आणून ठेवायचा. बाकीचे तुकडे जगले होते, हाही जगेल. त्या संध्याकाळी मी हे दिनानाथला सांगितलं. खडकावरच्या हाताबद्दल मी त्याच्याशी उघड बोलले ते तेव्हाच पहिल्यांदा. वेडं म्हणा, काही म्हणा, सांगताना मला हायसं वाटलं.

त्याने डावी मूठ उजव्या हातात घेतली. मग त्याने विचारलं, "तोडताना दुखेल का गं?"

"मी हळू तोडेन," मी म्हणाले.

६

एप्रिलमधल्या त्या सकाळी दिनानाथला एस.टी.तून मी जवळजवळ उचलूनच उतरवलं. हिरामणने त्याच्याकडे बघितलं आणि होडी लोटायला हात लावेना.

"बाय, ह्यांना दवाखान्यात न्या. पान्यात कशाला आनलं?"

"तुम्ही नेता की मी पोहत जाऊ?"

त्याने नेलं. तोंडाने पुटपुटत होता. रस्त्याचं टोक आता पाट्याला भिडलं होतं. डंपर एकामागे एक उभे होते. त्यातल्याच एकात हिरामणचा भाऊ असणार. दिनानाथला होडीतच बसवून मी उतरले. घोटाभर गढूळ पाणी होतं. खिळे दिसत नव्हते, प्रवाळं दिसत नव्हती. मी गुडघ्यांवर बसले आणि ओंजळींनी गाळ उपसला. माझ्या ओळखीची सगळी प्रवाळं पांढरी पडून मेली होती. मी त्यांच्यासाठी थांबले नाही.

हात होता. गाळाखाली, कोमट, मिटत आलेला. मी छिन्नी मनगटाशी लावली.

तिथे मनगट संपत नव्हतं.

मी गाळ आणखी बाजूला केला. खडकाची वरची सालपटं निघत गेली आणि खाली तोच रंग पुढे गेलेला. मनगटामागे हात, हातामागे कोपर. सावली असेल, ओल्या खडकाचा रंग असेल, असं मी मोठ्याने म्हणत होते. पुढे खांद्याएवढा उंचवटा. त्यापुढे एक अरुंद फट, आत काळं पाणी. परतीच्या भरतीची पहिली बारीक लाट आली आणि फटीत शिरली. तेवढ्यात मी आत बघितलं.

आत काहीतरी उघडत होतं आणि मिटत होतं. पाणी आलं की उघडायचं. मिटताना कडेला दात दिसले.

मी एवढंच बघितलं. लाट मागे गेली आणि फट गाळाने भरली. मी छिन्नी टाकून दिली आणि दोन्ही हातांनी गाळ काढत सुटले. काढला की पुन्हा भरायचा. त्याच वेळी त्या हाताने माझं मनगट धरलं. ओढलं नाही, फक्त धरलं, गर्दीत माणूस चुकू नये म्हणून धरतात तसं.

"मी आहे," मी म्हणाले. "मी आहे ना. थांबा."

वर पहिला डंपर रिकामा झाला. मुरूम पाट्याच्या कडेवर कोसळला आणि पाणी तांबडं झालं. होडीत दिनानाथ जोरजोरात खोकला. आता तो जाणार असं वाटून मी मान वळवली. दुसरा डंपर रिकामा झाला. आणि खोकला थांबला.

दिनानाथ होडीत उभा होता. सकाळी ज्याला बसवतही नव्हतं तो कुणाचा आधार न घेता उभा होता. शाल खाली पडली होती. चेहऱ्यावर रंग होता. डावा हात त्याने माझ्याकडे पुढे केला होता. पाचही बोटं मोकळी होती, गुलाबी.

"अरुणा," तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता. "सोड त्याला."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "कोणाला?"

"खाली आहे त्याला. सोड आता. त्याला काही तू बाहेर काढू शकत नाहीस. पाणी भरतंय, चल घरी."

हिरामण त्याच्याकडे तोंड वासून बघत होता. मी खाली बघितलं. पाणी माझ्या कमरेला आलं होतं, आता काहीच दिसत नव्हतं. फक्त मनगटावरची पकड कळत होती. ती घट्ट होती. महिनाभर मी घाबरत होते की खालचं मेलं तर वरचा मरेल. उलटं असेल, खालचं मेलं की वरचा जगेल, असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मग इतके दिवस घरात खोकत होतं, चहा पीत होतं, 'दुखेल का गं' म्हणत होतं, ते कोण? आणि माझं मनगट धरलेलं हे कोण?

तिसरा डंपर मागे यायला लागला. वरचा माणूस हात हलवून ओरडत होता. पाणी छातीला लागलं. मला पोहता येत नाही.

मी ती बोटं माझ्या मनगटावरून सोडवली. एकेक करून. त्याने सोडलं नाही, मी सोडवली.

७

दिनानाथ बरा झाला. डॉक्टरांनी त्याचं श्रेय स्वतःच्या औषधांना दिलं, साहेबांनी माझ्या सेवेला. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात. तो जेवतो, हसतो, ऑफिसला जातो. भाजी आणायला तोच जातो हल्ली, पिशव्या उचलू देत नाही मला. त्याच्यात खोट काढावी असं काही नाही. हात गरम आहेत, दोन्ही. रात्री तो शेजारी झोपलेला असतो आणि मी त्याचा श्वास ऐकत विचार करते की मला माझा नवरा हवा आहे.

त्या सकाळविषयी मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "मी असं काही बोललो? तापात असेन." आणि डोक्यावर हात फिरवला माझ्या.

हिवाळ्यात जेट्टीचा रस्ता पुरा झाला. रविवारी उरणची माणसं तिथे फिरायला जाऊ लागली. भेळेची गाडी लागली. एका रविवारी दिनानाथनेच टूम काढली, चल, जाऊन येऊ. मी नाही म्हणाले नाही.

ऊन उतरत होतं. कुटुंबंच्या कुटुंबं आली होती. मी किनाऱ्यावरच्या खुणा बघत चालत होते, देवळाचं शिखर आणि दोन माड एका रेषेत येईपर्यंत. होडीतून पाटा शोधायची आमची तीच खूण होती. तिथे पोचले आणि थांबले. रस्त्याच्या कडेला खडी होती, तांबडा मुरूम होता, दाबून घट्ट बसवलेला.

"काय झालं?" दिनानाथने मागे वळून विचारलं.

"चप्पल चावतेय. तुम्ही व्हा पुढे. येते."

"लवकर ये हं. बस चुकेल."

तो पुढे गेला. गर्दीत त्याची पाठ दिसत होती. मी कडेला बसले आणि हात मुरमावर टेकवला. दिवसभराच्या उन्हाने तो तापलेला होता. मी कान देऊन ऐकलं. लोकांचे पाय, लांबवर कुणाचा तरी रेडिओ. बाकी काही नाही. मी मुरूम उकरायला लागले. नखं मोडली. खाली मोठे दगड होते, ते हलत नव्हते. एका बाईने थांबून विचारलं, काही पडलं का तुमचं? मी हो म्हणाले.

खाली दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडला होता. ओहोटी होती. ओहोटीला खालचा तो मिटून असतो, हाक मारली तरी ओ देणार नाही, हे मला कळायला हवं होतं. लांबून दिनानाथ मला हाका मारत होता, मजेत, लोकांत न लाजता. मी दोन्ही हात त्या खळग्यात ठेवले आणि पाणी चढायची वाट बघत बसले.